गाडी उंच करायची, पण नेमकी कुठून?

मोठमोठ्या चाकांची गाडी दगडधोंड्यांवरून डुलत डुलत वर चढते, असे व्हिडिओ हल्ली दिवसाला दहा दिसतात. ते बघून नव्या फोर-बाय-फोरवाल्याला, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवता येणारी गाडी घेतलेल्याला, पहिला प्रश्न पडतो, "किती इंचांचा लिफ्ट टाकू?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारून झालाय की आता मी उलट विचारतो, "टायर कोणता टाकणार?" समोरचा गोंधळतो. टायर काय, बसेल तो मोठ्यात मोठा टाकू, त्यात काय!

पण सगळं त्यातच आहे. लिफ्ट म्हणजे स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्सॉर्बर वगैरे बदलून किंवा त्यांच्यावर ठोकळे बसवून गाडीचं धड चाकांपासून वर उचलणं. टायर आधी ठरतो, लिफ्ट त्याच्या मागून येतो. मीही पहिल्या गाडीच्या वेळी हे उलट केलं होतं. त्याची गोष्ट पुढे येईलच.

लिफ्ट टाकला तरी घोटे तिथेच

ओढा ओलांडताना कपडे कितीही वर खोचले तरी घोटे पाण्यातच राहतात. ज्या गाड्यांत डावं आणि उजवं चाक एकाच जाड दांड्याने जोडलेलं असतं, त्यांची गत अगदी अशी असते. हा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल. त्याच्या पोटात मध्यभागी किंवा थोडा बाजूला भोपळ्यासारखा फुगीर भाग दिसतो, तो डिफरन्शिअल. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारे गिअर त्यात असतात. अशा गाडीत जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो तो हा भोपळा, आणि दगडावर आधी तोच आपटतो.

अ‍ॅक्सल थेट चाकांवर टेकलेला असतो आणि स्प्रिंगा त्याच्या वर असतात. तुम्ही चार इंच उंच स्प्रिंगा टाकल्या तर धड चार इंच वर जाईल, पण भोपळा जिथे होता तिथेच राहील. तो वर न्यायचा तर एकच साधा उपाय आहे, चाकाची त्रिज्या वाढवणं. (साधा नसलेला उपाय युनिमॉगसारख्या गाड्यांत बघायला मिळतो. तिथे प्रत्येक चाकापाशी वेगळी गिअरपेटी असते आणि अ‍ॅक्सल चाकाच्या मध्याच्याही वरून जातो. बघायला सुरेख, पण आपल्या गाडीत बसवणं म्हणजे गाडीच नव्याने बांधणं.)

पुढची चाकं सुटी-सुटी लटकलेली असतील, म्हणजे इंडिपेंडंट सस्पेन्शन असेल, तर पुढचा डिफरन्शिअल चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बांधलेला असतो. तिथे लिफ्टबरोबर तो वर जातो. पण बहुतेक पिकअप आणि बऱ्याच मोठ्या एसयूव्हींना मागे आखा अ‍ॅक्सलच असतो. पुढून सुटलात तरी मागे अडकायचं ते अडकताच.

टायरवरच्या आकड्यांचा हिशेब

समजा गाडीला कारखान्यातून २४५/७० आर १६ मापाचे टायर आलेत. २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १७१.५ मिमी. १६ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचात. एकाच मापात मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी खिचडी कुणी आणि का शिजवली देव जाणे, पण जगभर तीच चालते.

भिंत वरही आहे आणि खालीही, म्हणून ती दोनदा धरायची. १७१.५ दुणे ३४३, अधिक रिमचे ४०६.४. एकूण व्यास ७४९ मिमी, साधारण साडेएकोणतीस इंच.

आता तुमचा डोळा आहे २६५/७५ आर १६ वर. त्याचा व्यास त्याच रीतीने ८०४ मिमी येतो. ५५ मिमी जास्त. पण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यात असतो, त्यामुळे तो वर जातो निम्माच, म्हणजे २७ मिमी. दीड बोट.

दीड बोटासाठी एवढा खटाटोप?

हो, आणि तो अगदीच वाया जात नाही. प्रवासी बॅगेची इवलीशी चाकं फरशीच्या फटीत अडकतात, सायकलचं चाक त्याच फटीवरून कळूही न देता जातं. मोठं चाक दगडाला जास्त वरच्या बाजूने भिडतं, म्हणून समोर ढकललं जाण्याऐवजी त्यावर चढतं. दीड बोट वाढलेली उंची आणि हा फायदा मिळून दगडाळ वाटेवर फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट कोनांची. चढ सुरू होताना पुढचा बंपर टेकू नये, उतरताना मागचा घासू नये आणि उंचवट्यावरून जाताना पोट अडकू नये, हे तीन कोन गाडी कुठवर जाईल ते ठरवतात. इथे लिफ्ट खरोखर कामाला येतो, कारण बंपर आणि पोट हे धडाचे भाग आहेत. पोट घासत असेल तर लिफ्टने सुटका होईल. मागचा भोपळा घासत असेल तर नाही. तुमच्या गाडीखाली वाकून ओरखडे कुठे उठलेत ते आधी पाहा. त्या ओरखड्यांइतका प्रामाणिक सल्लागार दुसरा नाही. आणि एकही ओरखडा नसेल, तर यातलं काहीच करायची गरज आहे का, हेही एकदा मनाला विचारा.

वाळूत आणि चिखलात रुतते, त्याचं काय?

त्यासाठी आधी हवा सोडा. गाडीचं वजन टायरमधली हवा पेलते. दाब अर्धा केला तर तेवढंच वजन पेलायला जमिनीला टेकणारा ठसा दुपटीच्या आसपास वाढावा लागतो. ढोबळ हिशेबात ३५ पीएसआयचे १८ केले की जवळपास तसंच होतं, आणि तो ठसा मुख्यतः लांबीला वाढतो. उंटाचा पाय बसतो तसा टायर वाळूवर पसरून बसतो. नुसता रुंद टायर पूर्ण हवेनिशी नेला तर तो वाळूचा ढीग पुढे ढकलत बसतो.

हवा कमी केल्यावर गाडी थोडी खाली बसते, म्हणजे कमावलेल्या दीड बोटातला वाटा परत जातो, हेही खरं. आणि पक्क्या रस्त्यावर यायच्या आधी हवा भरायलाच हवी, नाहीतर वेगात टायर तापून फुटतो. पण एक गेज आणि एक कंप्रेसर एवढ्यात निभावणारी ही गोष्ट लोक सगळ्यात शेवटी करतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

चाक म्हणजे उलटा पान्हा

घट्ट नट सोडवायला आपण लांब दांड्याचा पान्हा घेतो. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. चाकाचं बरोबर उलट आहे. इथे जोर मधून, अ‍ॅक्सलकडून लागतो आणि काम कडेला, जमिनीपाशी व्हायचं असतं. पाण्याची बादली अंगाजवळ धरली तर हलकी वाटते, तीच हात लांब करून धरली की खांदा भरून येतो. इंजिनाला मोठं चाक म्हणजे लांब केलेला हात.

आपल्या उदाहरणात त्रिज्या ७.३ टक्क्यांनी वाढली. समजा गाडीचा फायनल ड्राइव्ह रेशो ४.१० आहे, म्हणजे इंजिनाकडून येणारा शाफ्ट ४.१ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. नव्या टायरवर हीच गाडी ३.८२ रेशो असल्यासारखी वागेल. पिकअप गेला, चढावर एक गिअर आधीच उतरवावा लागतो, असं लोक म्हणतात ते हेच. ऑटोमॅटिक गाडीत गिअर सारखे वरखाली होताना जाणवतात. मूळचा जोर परत हवा असेल तर ४.४० च्या आसपासचे गिअर टाकावे लागतात, आणि फोर-बाय-फोरमध्ये ते पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शिअलमध्ये एकसारखेच लागतात. एकीकडे बदलले आणि दुसरीकडे नाही, तर फोर-बाय-फोर लावल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडायला लागतात.

ब्रेकचंही तेच. पॅडल तेवढंच दाबलं तर जमिनीपाशी पोचणारा जोर आधीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी. एरवी पाय आपोआप थोडा जास्त दाबतो आणि काही कळत नाही. लांबलचक उतारावर, भरलेल्या गाडीत, तापलेल्या ब्रेकवर मात्र हा फरक समोर येऊन उभा राहतो.

वजनाचं वेगळंच. जाड भिंतीचा मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा, टायर मूळच्या टायरपेक्षा सहज काही किलो जड असतो, आणि ते वजन चाकाच्या कडेला असतं. दोरीला दगड बांधून फिरवा, मग दोरी लांब करून फिरवा, सुरू करायला आणि थांबवायला किती जोर लागतो ते हाताला कळेल. छतावर ठेवलेले वीस किलो आणि चाकांच्या कडेला वाढलेले वीस किलो यांत गाडीच्या लेखी पुष्कळ अंतर आहे.

स्पीडोमीटर आणि अ‍ॅव्हरेजचा गोंधळ

गाडी चाकाचे फेरे मोजून वेग सांगते. चाक मोठं झालं हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे जिथे आधी खरा वेग १०० होता, तिथे आता तोच काटा असताना १०७ असतो. कारखान्यातून येणारे स्पीडोमीटर सहसा थोडा जास्तच वेग दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत तर खऱ्यापेक्षा कमी दाखवायला मुभाच नाही. मोठा टायर ही शिल्लक खाऊन टाकतो आणि वर थोडी उधारी करतो.

यातून एक गंमत होते. टायर बदलल्यावर लोक टाकी भरून अ‍ॅव्हरेज काढतात आणि हादरतात. ओडोमीटर ५०० किमी दाखवतोय, इंधन लागलं ५० लिटर, म्हणजे १० चं अ‍ॅव्हरेज. पण गाडी खरी ५३६ किमी चाललेली असते, म्हणजे खरं अ‍ॅव्हरेज १०.७. घसरण होतेच, पण दिसते त्यापेक्षा कमी. बऱ्याच गाड्यांत टायरचं नवं माप संगणकाला सांगता येतं. ते करून घ्यावं, कारण निसरड्या रस्त्यावर गाडी सावरणारी यंत्रणाही याच आकड्यांवर चालते.

मग लिफ्ट लागतो कशाला?

टायरला जागा करायला. चाक सरळ असताना, गाडी सपाटीवर उभी असताना, कोणताही टायर बसलेला दिसतो. खरी परीक्षा स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं आणि ते चाक खड्ड्यातल्या गचक्याने पूर्ण वर दाबलेलं असताना असते. त्या क्षणी टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला, बंपरच्या कोपऱ्याला किंवा चेसिसला घासतो. एक चाक उंच ठोकळ्यावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, टॉर्च घेऊन आत बघा. प्लास्टिकवर काळी, गुळगुळीत, चमकणारी पट्टी उठली असेल तर तिथे टायर लागतोय.

आपल्या उदाहरणातला टायर पुष्कळ गाड्यांत लिफ्टशिवाय, फक्त अस्तर थोडं मागे सरकवून बसतो. त्याहून मोठा हवा तर लिफ्ट. तोही टायरला लागेल तेवढाच.

लिफ्टच्या जाती

सगळ्यात सोपा स्पेसर. शॉक आणि स्प्रिंगच्या जोडीवर एक जाड चकती बसवतात. गंमत म्हणजे २५ मिमीच्या चकतीने गाडी ५० मिमीच्या आसपास उचलली जाऊ शकते, कारण ही जोडी चाकापाशी नसून चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या हाताच्या मधोमध कुठेतरी टेकलेली असते. तरफच ती.

दुसरा प्रकार लांब किंवा अधिक ताठ स्प्रिंग आणि त्यांच्या मापाचे शॉक. हा खर्चिक आणि माझ्या मते एकमेव नीट मार्ग. मागे कमानपाटे असतील तर एखादा पाटा वाढवतात किंवा पूर्ण संच बदलतात. तिसरा बॉडी लिफ्ट, म्हणजे चेसिस आहे तिथेच ठेवून वरच्या बॉडीखाली ठोकळे. टायरला जागा होते, पण पोट आणि कोन जवळपास तेच राहतात.

आता माझी गोष्ट. पहिल्या गाडीला मी टायर तेच ठेवून आधी पुढे स्पेसर टाकले, कारण गाडी नुसती उभी असतानाही रुबाबदार दिसायची. बसवणाऱ्याने सांगितलं, काही बघायला नको. तिसऱ्या महिन्यात चाकाच्या आतल्या बाजूला काळपट चिकट शिंतोडे दिसले, रिमवर अर्धगोलात, कुणी पिचकारी मारावी तसे. गाडी चालवताना सांध्यावरचं रबरी बूट फाटून आतलं ग्रीस फिरत्या चाकाने उडवलेलं होतं. आणि पूर्ण वळणावर कट्-कट्-कट् असा आवाज.

असं का होतं: सगळे कोन बदलतात

डिफरन्शिअल चेसिसबरोबर वर गेला, चाक खालीच राहिलं, आणि दोघांना जोडणारा आडवा शाफ्ट तिरका झाला. त्याच्या टोकाचे सांधे, म्हणजे सीव्ही जॉइंट, थोड्या कोनात वर्षानुवर्षं फिरतात, पण कोन वाढला की रबरी बुटाच्या घड्या एकमेकांवर घासतात आणि फाटतात. ग्रीस गेलं, धूळ आत आली की सांधा संपला. स्पेसरमुळे चाक हवेत लोंबताना आधीपेक्षा आणखी खाली जातं, त्यामुळे वरचा बॉल जॉइंटही, म्हणजे चाकाला वरच्या हाताशी जोडणारा गोल सांधाही, त्याच्या मर्यादेपर्यंत ताणला जातो. म्हणूनच इंडिपेंडंट सस्पेन्शनला दोन इंचांच्या वर इतर भाग न बदलता जाऊ नये, असं अनुभवी मंडळी म्हणतात.

पुढेही आखा अ‍ॅक्सल असेल तर दुखणी वेगळी. सायकलचा पुढचा चिमटा थोडा तिरका असतो. त्या तिरकेपणामुळे हात सोडले तरी सायकल सरळ जायला बघते. गाडीतही तसाच तिरकेपणा असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. लिफ्टने अ‍ॅक्सल थोडा पुढच्या अंगाला फिरतो आणि हा तिरकेपणा कमी होतो. मग हायवेवर गाडी भरकटते, सारखं स्टिअरिंग सावरत बसावं लागतं.

अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक तिरका दांडा त्याला चेसिसशी बांधतो. भिंतीला टेकवलेली शिडी आठवा. शिडीचं टोक वर सरकवलं की पायथा भिंतीकडे ओढला जातो. गाडी वर गेली की तसाच अ‍ॅक्सल एका बाजूला ओढला जातो, आणि एका बाजूचं चाक मडगार्डबाहेर जास्त डोकावतं. हा दांडा आणि स्टिअरिंगचा दांडा समांतर राहिले नाहीत, तर प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंगला हिसका बसतो.

शिवाय ब्रेकचे रबरी नळे. चाक पूर्ण लोंबल्यावर ते तटतटून ताणले जात असतील, तर लांब नळे घालूनच गाडी बाहेर काढायची. यात "बघू नंतर" चालत नाही. बाकी अलाइनमेंट करून घेणं आणि हेडलाइटचा झोत खाली करणं ही किरकोळ कामं, पण दुसरं लोक हमखास विसरतात आणि समोरच्याचे डोळे दिपवत फिरतात.

उंच गाडी उलटते म्हणतात, ते कितपत खरं?

याला एक सोपं गणित आहे. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा यंत्रणा उलटण्याचा धोका जोखताना हाच आकडा वापरते. तिच्या मते साध्या मोटारींचा हा आकडा १.३ ते १.५ असतो, एसयूव्ही आणि पिकअपचा १.० ते १.३. जितका मोठा तितकं बरं.

समजा चाकांमधलं अंतर १५६० मिमी आणि गुरुत्वमध्य ७०० मिमीवर. आकडा येतो १.११. मोठा टायर २७ मिमी उचलतो, दोन इंची लिफ्ट धड ५० मिमी उचलतो. अ‍ॅक्सल-चाकं लिफ्टने उचलली जात नाहीत, म्हणून गुरुत्वमध्य ७० मिमी वर गेला असं धरू. नवा आकडा १.०१. त्या यादीत गाडी तळाशी जाऊन बसली. छतावर कॅरिअर आणि सामान चढवलं तर त्याच्याही खाली.

"मग चाकं बाहेर काढू, रुंदी वाढेल," असं लगेच उत्तर येतं. बाहेर काढलेल्या रिमने अंतर वाढतं खरं, पण बेअरिंगवर ताण वाढतो, स्टिअरिंगला हिसके जास्त लागतात, आणि वळताना टायर मोठ्या घेरातून फिरतो. म्हणजे परत घासतो. म्हणजे परत लिफ्ट.

पण अमक्याने सहा इंच लिफ्ट टाकलाय, त्याला काही झालं नाही!

त्याने नुसता लिफ्ट टाकलाय की गिअर, शाफ्ट, दांडे, ब्रेकचे नळे सगळं बदललंय, ते विचारा. नीट बांधलेली उंच गाडी असते, मी चालवलीही आहे. पण ती बहुधा फक्त आडवाटांसाठी राखलेली असते आणि तिचा मालक दर फेरीनंतर पान्हा घेऊन तिच्याखाली आडवा झालेला असतो. रोज त्याच गाडीने कामावर जायचं असेल, पावसात वेगात ब्रेक मारायचे असतील, तर मूळ मापाच्या एक पायरी वरचा टायर आणि फार तर दोन इंच, यापुढे जायला माझं मन धजत नाही. तेही तुमच्या इथला कायदा काय म्हणतो आणि विमा कंपनी काय म्हणते, हे आधी विचारून. असे बदल कुठे मंजुरी घेऊन चालतात, कुठे मुळीच चालत नाहीत.

टायर घेताना भिंतीवर मापाशेजारी आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, वजन पेलण्याची आणि वेगाची मर्यादा सांगणारं. ते मूळच्या टायरपेक्षा कमी नको. आणि टायर पाच घ्या, चार नाही. फोर-बाय-फोरला एक चाक लहान लावून लांब पळवलं, तर डिफरन्शिअल सतत रगडत राहतो. पाचवा घेतल्यावर तो स्टेपनीच्या जागी बसतो का, तेही दुकानातच बघा. माझा बसला नव्हता. तो मागच्या सीटवर झोपवून मी घरी आलो होतो, आणि चार दिवस गाडीत नव्या रबराचा वास होता.